जुन्या जाहिरातींच्या पाट्या: पत्रा आपला, चित्र कोणाचं?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुम्हाला साबणाच्या जाहिरातीची एनॅमलची पाटी मिळाली आणि काचेच्या चौकटीतली फेणीची तीन जुनी लेबलं. त्यांचे फोटो सगळ्यांना दाखवायचे आहेत, पुढे जमलं तर फ्रिजवर लावायची मॅग्नेट आणि टी-शर्ट काढायचे आहेत. कोणीतरी सांगितलं, "पन्नास वर्षं झाली की सगळं मोकळं." हे खरं का, असा तुमचा प्रश्न आहे. मी गेली अठरा वर्षं गोव्यात आणि सावंतवाडी-बेळगावच्या बाजूला पाट्या जमवतोय, आणि या प्रश्नावर एकदा हात पोळूनही घेतलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, पन्नास वर्षांचं म्हणणं चूक आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुदत आधी ५० वर्षं होती, १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० झाली. ती पाटीच्या वयावरून मोजत नाहीत. चित्रकार वारला त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायची. पाटी १९५५ ची असेल आणि चित्रकार १९९० साली गेला असेल, तर हक्क २०५० च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. पाटी किती गंजली आहे याच्याशी कायद्याला काही देणंघेणं नाही.

आणि पाटी विकत घेतली म्हणजे तुम्ही पत्रा घेतलात. त्यावरच्या चित्राचा हक्क वेगळा, आणि चित्रावर लिहिलेल्या मालाच्या नावाचा हक्क आणखी वेगळा. एकाच पाटीचे हे तीन मालक तीन ठिकाणी असू शकतात. आपल्या छंदातले बहुतेक घोटाळे या तिघांना एक समजल्याने होतात.

चित्राचं उदाहरण घरचंच घेऊ. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे. त्यांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं केली तशी कॅलेंडरंही केली, आणि ती कॅलेंडरं अजून जुन्या घरांतून, दुकानांतून निघतात. दलाल गेले १९७१ साली, म्हणजे मुदत २०३१ च्या अखेरपर्यंत. मुळगावकर १९७६ साली, म्हणजे २०३६. कॅलेंडरांचे चित्रकार एस. एम. पंडित १९९३ साली गेले, त्यांची मुदत २०५३ पर्यंत. गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा २०११ साली गेले. त्यांच्या रेषेतलं पोदेराचं (पाववाल्याचं) किंवा तावेर्नाचं (दारूच्या गुत्त्याचं) चित्र दिसलं की लोक सरसकट मगांवर छापतात, पण तिथे २०७१ पर्यंत हक्क आहे. उलट राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपला. चित्रकार एम. व्ही. धुरंधर १९४४ साली गेले, त्यांची चित्रं २००५ पासून मोकळी आहेत.

पण आपल्या हाती येणाऱ्या बहुतेक पाट्यांवर सही नसतेच. अशा निनावी कामाची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षं धरतात. १९६० साली बाजारात आलेली निनावी पाटी २०२१ पासून मोकळी झाली, १९७० ची अजून झालेली नाही. आणि मुदत संपायच्या आत चित्रकाराचं नाव उघड झालं, तर हिशोब पुन्हा त्याच्या मृत्यूपासून सुरू होतो.

म्हणून सही नाही असं ठरवण्याआधी पाटी नीट बघा. मी काय करतो ते सांगतो. पाटी उलटी करून, खालची कड डोळ्यांसमोर येईल अशी धरतो आणि टॉर्च अगदी आडवा मारतो. डिचोलीत मिळालेल्या एका पाटीवर मला चार महिने काही दिसलं नव्हतं. खिळ्याच्या भोकाभोवती एनॅमल उडून जो काळा गोल पडतो, त्याला लागूनच, दोन मिलिमीटर उंचीच्या रोमन अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव आणि चार आकडी क्रमांक होता. त्या क्रमांकामुळे साल लागलं. गंज खरवडू नका, आधी कोरड्या ब्रशने धूळ काढा आणि मग खोबरेल तेलाचं बोट फिरवा. अक्षरं असतील तर वर येतात.

चित्र काढून घेणाऱ्या कंपनीचं काय, असंही तुम्ही विचाराल. कायद्याचं कलम १७ सांगतं की पैसे देऊन चित्र काढून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक चित्र काढून घेणारा. चित्रकार कंपनीत नोकरीला असेल तरीही मालकी कंपनीकडेच जाते. म्हणजे परवानगी बहुधा कंपनीकडे मागायची, पण मुदत मात्र चित्रकाराच्या आयुष्यावरून मोजायची. मालकी गेली तरी चित्राखाली आपलं नाव असण्याचा आणि चित्राची मोडतोड होऊ न देण्याचा चित्रकाराचा हक्क कलम ५७ प्रमाणे त्याच्याकडेच राहतो. म्हणून फोटो कापताना कोपऱ्यातली सही कापू नका. त्याच कोपऱ्यावर स्वतःचा वॉटरमार्क ठोकणारे लोक मी रोज बघतो, आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो. ज्या पेंटरने शिडीवर उभं राहून ती अक्षरं काढली, त्याच्या नावाची तेवढी एकच खूण जगात उरलेली असते.

आता माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी मी सोड्याच्या एका जुन्या पाटीचा सरळ समोरून फोटो काढला, संगणकावर गंजाचे डाग पुसले, रंग उजळले आणि इंटरनेटवर चढवला. दोन महिन्यांत एका ऑनलाइन विक्रेत्याने तोच फोटो टी-शर्टवर छापून विकायला काढला. मी तावातावाने तक्रार केली की फोटो माझा आहे. एका जाणत्या वकिलीणबाईंनी मला शांतपणे विचारलं, "यात तुमचं काय आहे?" सपाट पाटीचा हुबेहूब फोटो ही नक्कल, तिला मेहनत लागली हे खरं, पण नुसत्या मेहनतीवर हक्क उभा राहत नाही. न्यायनिर्णयांच्या छापील आवृत्त्यांवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली हेच म्हटलं: थोडं तरी स्वतःचं कौशल्य आणि निवड दिसायला हवी. त्याच पाटीचा दुसरा फोटो माझ्याकडे होता, तावेर्नाच्या भिंतीवर तिरपं ऊन, बाकावर रिकामे पेले, दारात मांजर. तो फोटो निर्विवाद माझा. आणि वकिलीणबाईंचा पुढचा प्रश्न जास्त लागला: पाटीवरचं चित्र वापरायला मी तरी कोणाला विचारलं होतं?

"पाटी रस्त्यावर लावलेली होती, सगळ्यांना दिसत होती, मग फोटोला काय हरकत?" हे आपल्यातलं आवडतं उत्तर आहे. कलम ५२ मध्ये सार्वजनिक जागी कायम असलेल्या कलाकृतीच्या छायाचित्राला सूट आहे खरी, पण तिचे शब्द नीट वाचा. ती शिल्पांना आणि कारागिरीच्या कलावस्तूंना आहे; रंगवलेल्या किंवा छापलेल्या चित्राचा तिथे उल्लेख नाही. २०२३ साली मुंबईतलं एक भिंतीचित्र एका विमा कंपनीने आपल्या जाहिरातीत वापरलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कंपनीला सूट दिली नाही. माहितीसाठी, चर्चेसाठी, समीक्षेसाठी फोटो टाकणं वेगळं. तिथे त्याच कलमातल्या रास्त वापराच्या तरतुदीचा आधार मिळतो, आणि पाटीबद्दल चार ओळी लिहिल्यात तर तो आधार बळकट होतो. नुसता फोटो टाकून "सुंदर ना?" लिहिण्यापेक्षा कुठे मिळाली, कशावर आहे, छपाई कशी, काळ कोणता वाटतो, हे लिहा. वाचणाऱ्यालाही त्यातच खरा आनंद असतो.

नावाचा मामला चित्रापेक्षा चिवट आहे, कारण ट्रेडमार्कला, म्हणजे मालाच्या नावाच्या आणि चिन्हाच्या हक्काला, ठराविक शेवट नाही. १९९९ च्या कायद्यात नोंदणी १० वर्षांची, पण नूतनीकरण करत राहिलं तर कितीही काळ चालते. तुमच्या पाटीवरचं चित्र उद्या मोकळं झालं तरी वरचं साबणाचं नाव कंपनीचंच राहणार. आणि माल बाजारातून गेला म्हणजे नाव मेलं असं नाही. कँपा कोला आपण मेलेला धरून चाललो होतो. २०२२ साली रिलायन्सने तो ब्रँड घेतला आणि २०२३ मध्ये बाटल्या दुकानात आल्या. अँबॅसडर गाडी बंद पडल्यावर तिचं नुसतं नाव २०१७ साली ८० कोटी रुपयांना एका फ्रेंच कंपनीला विकलं गेलं. गोल्ड स्पॉट १९९३ साली पार्लेकडून कोका-कोलाकडे गेला. बाटली दिसत नाही, पण नाव वाऱ्यावर पडलेलं नाही. एशियन पेंट्सच्या जाहिरातीतला खोडकर पोऱ्या, गट्टू, घ्या. कंपनीने २००२ साली त्याला रजा दिली, पण तो काढला आर. के. लक्ष्मण यांनी, आणि ते गेले २०१५ साली, म्हणजे त्या चित्राची मुदतही २०७५ पर्यंत आहे. सलग पाच वर्षांहून जास्त न वापरलेली नोंद रद्द करून घेता येते हे खरं, पण ती आपोआप रद्द होत नाही, कोणीतरी अर्ज करावा लागतो.

दिलासा असा की ट्रेडमार्कचा कायदा धंद्यातल्या वापराला धरतो. ही अमुक साबणाची पाटी आहे असं सांगून फोटो दाखवलात तर तुम्ही साबण विकत नाही, कोणाची फसगतही करत नाही. मूळ पाटी पुढे विकलीत तरी चालतं. पण तेच नाव, तोच लोगो टी-शर्टवर आला की लोकांना वाटणार की कंपनीने काढलाय, आणि तिथे तुम्ही थेट कचाट्यात सापडता. नवीन पत्र्यावर जुनी पाटी छापून, मुद्दाम गंज चढवून "ओरिजिनल" म्हणून विकण्याचा उद्योग हणजुण्यापासून मुंबईपर्यंत चालतो. खोटा ट्रेडमार्क लावण्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. हौसेने प्रत केलीच, तर ती घरच्या भिंतीसाठी ठेवा आणि मागे "नवी प्रत" आणि साल कोरून टाका. आपल्या मागे ती कोणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. विकत घेण्याआधी किंवा काही छापण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर नाव शोधा, फुकट आहे. तिथे मालाचे क्रमांकाने वर्ग पाडलेले असतात, ते बदलून बघा: साबण ३ मध्ये, सोडा आणि बिअर ३२ मध्ये, फेणी-दारू ३३ मध्ये, टी-शर्ट २५ मध्ये.

फोटोवर कोणी हक्काची तक्रार केली तर घाबरून सगळा संग्रह खाली घेऊ नका. संकेतस्थळाने तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत फोटो झाकायचा असतो, आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा दाखवता येतो. तोवर नम्रपणे पत्र लिहा. माझ्या अनुभवात चार ओळींच्या प्रामाणिक पत्राला बहुतेक जण चांगलं उत्तर देतात. एकदा तर कंपनीच्या निवृत्त माणसाने जुन्या पाट्यांची यादीच पाठवली.

एक बाजूची गोष्ट: पाटी शंभर वर्षांहून जुनी ठरली तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आड येऊ शकतो. परदेशातल्या ग्राहकाला पाठवायच्या आधी तेवढं तपासा.

फेणीच्या लेबलांबद्दल मात्र वेगळं सांगतो. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या प्रदेशाशी बांधलेल्या नावाची नोंद) मिळालं, त्यामुळे "गोवा फेणी" हे नाव कुठल्याही मालावर सहज लावता येत नाही. पण लेबलाचा खरा प्रश्न घराचा आहे. ही लेबलं छोट्या भट्टीवाल्यांनी गावातल्या किंवा बेळगावच्या छापखान्यातून काढून घेतलेली असायची. ते कुटुंब बहुधा अजून त्याच वाड्यावर राहतं, कधी कधी भट्टीही चालू असते. लेबलावर गावाचं नाव असतं. तिथे जा, तावेर्नात बसा, म्हाताऱ्या पात्रांवाला, म्हणजे मालकाला, लेबल दाखवा. कायद्याने परवानगी लागो न लागो, मी विचारल्याशिवाय असं लेबल छापत नाही. कारण ते कोणाच्या तरी आजोबांचं नाव आहे, आणि नातवाला ते दुसऱ्याच्या मॅग्नेटवर अचानक दिसावं हे मला पटत नाही.

तर साबणाची पाटी खुशाल दाखवा, सकाळी बाल्कांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) सावलीत फोटो काढा म्हणजे एनॅमलवर आभाळ चमकणार नाही. तिचे मॅग्नेट काढू नका, तो साबण अजून विकला जातो. लेबलांचं उत्तर मला आत्ता देता येत नाही, कारण छापखान्याचं नाव खालच्या समासात असतं आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत तो समास चौकटीखाली गेलाय. मागचे खिळे काढून चौकट उघडा, पण काच ओढू नका. आपल्या पावसाळ्यात कागद काचेला चिकटलेला असतो, ओढला की रंग काचेबरोबर जातो. काच वर तशीच राहू द्या, फक्त लाकडी पट्टी काढा आणि खालच्या कडेचा जवळून फोटो टाका.