विजेचं बिल, कचऱ्याचे ड्रम आणि कामावरची वेगवेगळी माणसं: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : संचालक मंडळावर महिला वाढल्या की कंपनीचं कार्बन उत्सर्जन घटतं, असं एका सादरीकरणात सांगितलं. हे खरं आहे का? – कंपनी सचिव, ठाणे

आपोआप घटत नाही. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स या मध्यवर्ती बँकांच्या जागतिक संस्थेने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात २४ औद्योगिक देशांतल्या नोंदणीकृत कंपन्यांची २००९ ते २०१९ ची आकडेवारी तपासली आहे. महिला व्यवस्थापकांचा वाटा ३० टक्क्यांवरून ३१ टक्के झाला, की कार्बन डायऑक्साइड सरासरी अर्ध्या टक्क्याने घटतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्यात मोजल्या आहेत त्या व्यवस्थापक. वर्षातून मोजक्या बैठकांना येणाऱ्या संचालक नव्हेत. खरेदी, देखभाल, उत्पादन या खात्यांत सही करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, ते आधी पाहा. तिथे बदल नसेल तर मंडळावरच्या नावांनी विजेच्या बिलात किंवा उत्सर्जनात फरक पडणार नाही.

प्रश्न : ऑफिसात एसी २२ अंशांवर असतो. महिला सहकारी शाल घेऊन बसतात, काही पुरुषांना तरीही उकडतं. तोडगा काय? – प्रशासन विभाग, पुणे

ही तक्रार वीजबचतीची सुरुवात समजा. इमारतींच्या तापमानाचे प्रचलित ठोकताळे १९६० च्या दशकातले आहेत आणि त्यांत माणूस धरला आहे तो सुमारे चाळिशीचा, ७० किलो वजनाचा पुरुष. या हिशेबात स्त्रियांच्या शरीरातली उष्णतानिर्मिती ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाते, असं २०१५ च्या एका डच अभ्यासात दिसलं. अभ्यास मोजक्या तरुणींवरचा होता, तेव्हा आकडा ताणू नका. दिशा मात्र पटण्यासारखी आहे.

तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. पण थेट २६ वर नेऊ नका, दुसऱ्या दिवशी कोणीतरी पुन्हा २१ करून ठेवेल. आधी आठवडाभर टेबलांच्या उंचीवर साधे थर्मामीटर ठेवून ११, २ आणि ४ वाजता नोंद घ्या. बहुतेकदा दोष एसीच्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या जागेत सापडतो: तो पश्चिमेच्या काचेजवळ किंवा प्रिंटरच्या डोक्यावर असतो, गरम हवा वाचतो आणि बाकीच्यांना गारठवतो. सेन्सर हलवा, थंड झोताखालची टेबलं सरकवा, पंखे लावा आणि मग आठवड्याला एक अंश चढवा. टाय-कोटाची सक्ती असेल तर ती काढा. पावसाळ्यात दमटपणामुळे २६ चिकट वाटतं, तेव्हा २४-२५ वर थांबा.

प्रश्न : ऊर्जाबचतीच्या सूचना मागवल्या, पण फक्त इंजिनिअरच लिहितात. कंत्राटी कामगार गप्प असतात. – मनुष्यबळ अधिकारी, चाकण

अर्ज मराठी-इंग्रजीत, कामगार ओडिशा-बिहारचे, आणि सूचना दिली की लाइन थांबेल, ठेकेदार रागावेल ही भीती. मग कोण लिहील? खरं तर कॉम्प्रेसरच्या हवेची गळती सर्वांत आधी ऐकू येते ती यंत्रं थांबल्यावर झाडायला येणाऱ्या बाईला. दिवसाच्या आवाजात इंजिनिअरला ती ऐकूच येत नाही.

आधी गळती मोजा. सुटीच्या दिवशी हवा वापरणारी सगळी यंत्रं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालवा. लोडचा (हवा भरत असतानाचा) आणि अनलोडचा (हवा न भरता नुसता फिरत असतानाचा) वेळ आठ-दहा चक्रं लिहा. लोडची मिनिटं भागिले एकूण मिनिटं, गुणिले १००. दीड मिनिट लोड आणि साडेदहा मिनिटं अनलोड असेल तर गळती १२.५ टक्के. (व्हीएफडी, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्या कॉम्प्रेसरला हे गणित लागू नाही.) २०-३० टक्के गळती कारखान्यांत सर्रास आढळते. ७ बार दाबावर ३ मिलिमीटरचं एक भोक सुमारे ३ किलोवॅट खातं. हवेची पाइपलाइन दिवसरात्र भरलेली असेल तर महिन्याला २,१६० युनिट.

मग प्रत्येकाला क्रमांक छापलेले लाल टॅग द्या. आवाज आला तिथे टॅग बांधायचा, लिहायचं काही नाही. हात लावून गळती शोधू देऊ नका. खात्री देखभालवाल्याने साबणाच्या पाण्याने करावी. दुरुस्ती सात दिवसांत झाली नाही तर टॅग बांधणं बंद पडतं, बहुतेक योजना इथेच मरतात. बक्षीस ठेकेदारामार्फत नको, थेट कामगाराच्या खात्यात जमा करा. टॅगसाठी दिलेला वेळ कामाचा वेळ धरला जाईल, हे ठेकेदाराला लेखी कळवा.

प्रश्न : तेलकट चिंध्या सुक्या कचऱ्यातच पडतात. पाट्या लावूनही फरक नाही. – ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) अधिकारी, भोसरी

तेलकट चिंध्या घातक कचऱ्यात मोडतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार त्यांच्या ड्रमवरच्या लेबलवर धोक्याचे शब्द हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत हवेत. तुमच्याकडे उडिया किंवा बंगाली वाचणारे असतील तर त्या भाषा स्वतःहून वाढवा आणि झाकणावर एक खरी तेलकट चिंधी पारदर्शक पिशवीत बंद करून चिकटवा. ड्रम यंत्रापासून दहा पावलांत नसेल तर कोणत्याही भाषेतली पाटी उपयोगाची नाही. झाकण घट्ट ठेवा, तेलकट चिंध्या पेट घेऊ शकतात. साठवण ९० दिवसांच्या आत उचलली गेली पाहिजे. ड्रमची जागा ठरवताना सफाई कामगारांना बरोबर घ्या. कोणत्या शिफ्टला कुठे काय साचतं, ते त्यांना नकाशा न बघता सांगता येतं.