केबिनमध्ये लिहून घेतलेला राजीनामा

प्रश्न: मुंबईच्या उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी 14 वर्षं कायम सहायक शिक्षिका आहे. शाळेत न येणाऱ्या मुलांची हजेरी लावायला मी नकार दिला. मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावलं, 'चौकशी लावू, सर्व्हिस बुक खराब करू' असं धमकावून 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा लिहून घेतला. तो मंजूर झाल्याचं पत्र 19 दिवसांपूर्वी मिळालं. एका सहकारी बाईंनी मस्टरचा फोटो पाठवलाय, माझ्या नावापुढे लाल रेघ आहे. आता काही करता येईल का?

उत्तर: ताई, येईल. पण तुमच्या हातात 11 दिवसच आहेत. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठीच्या 1977 च्या कायद्याच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील 30 दिवसांत करावं लागतं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका. जबरदस्तीचा राजीनामा म्हणजे सेवा संपवण्याचाच प्रकार, म्हणून तिथे दाद मागता येते.

याच कायद्याच्या कलम 7 मध्ये राजीनाम्याची रीत दिली आहे. दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाकडे, दुसरी कर्मचाऱ्याकडे. पोस्टात जाईपर्यंत माणसाला विचार करायला वेळ मिळतो. तुम्हाला तो मिळाला नाही. मात्र संस्था म्हणेल, 'अक्षर त्यांचंच आहे.' तेव्हा रीत चुकली एवढ्यावर न थांबता दबाव कसा आला तेही सांगा: तारीख, वेळ, केबिनमध्ये कोण होतं, बाहेर आल्यावर तुम्ही कुणाला फोन केला. मंजुरीच्या पत्रावर सही कोणाची आहे तेही बघा. राजीनामा व्यवस्थापनाने स्वीकारायचा असतो. व्यवस्थापन समितीचा ठराव झाला होता का, हे अपिलात विचारा.

त्यांनी खरोखर चौकशी का लावली नाही? याच कायद्याखालच्या 1981 च्या नियमांप्रमाणे चौकशी समितीत तिघे असतात, त्यातला एक तुम्ही निवडलेला. त्या समितीपुढे हजेरीपट ठेवावा लागला असता. पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरते, संचमान्यतेवर शिक्षकांची पदं, आणि त्या पदांचे पगार सरकारी तिजोरीतून निघतात. खोट्या हजेरीला नाही म्हणून तुम्ही लोकांचा पैसा वाचवत होतात, आणि त्यासाठीच तुम्हाला बाहेर काढलं, याचा मला मनापासून राग येतो.

खर्च इथेच संपत नाही. तुमच्या जागी कुणी आलं तर त्याचाही पगार तिजोरीतून, आणि तुम्ही जिंकलात की मागचा पगार द्यायचा. कलम 11 प्रमाणे देणी संस्थेच्या अनुदानातून कापून थेट तुम्हाला द्यावीत, अशी शिफारस न्यायाधिकरण सरकारला करू शकतं. पण तो पैसाही शेवटी शाळेतल्या मुलांच्या वाट्याचा. म्हणून अपिलात स्पष्ट मागा: मागचा पगार संस्थेने स्वतःच्या निधीतून द्यावा. शिक्षण निरीक्षकांनाही पक्षकार करा.

मागच्या पगाराबाबत 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलं की, बेकायदा काढलेल्याला पुन्हा कामावर घेताना मागचा पगार देणं हा सर्वसाधारण नियम. पण या काळात दुसरी नोकरी नाही, हे तुम्ही अपिलात लिहायला हवं. शिकवण्या घेत असाल तर तेही लिहा, लपवू नका.

मस्टरचा फोटो ज्या फोनवर आहे तो फोन जपा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. शाळा अनुदानित आहे, त्यामुळे माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जाने मस्टरच्या आणि संचमान्यतेच्या प्रती मागता येतात. उत्तराची मुदत 30 दिवसांची, म्हणून अपील त्यासाठी थांबवू नका.

उद्या सकाळी एवढं करा: 'राजीनामा दबावाखाली लिहून घेतला, मी तो मागे घेते, कामावर यायला तयार आहे' असं पत्र संस्थेच्या अध्यक्षांना आणि प्रत शिक्षण निरीक्षकांना पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. मग शाळेत जा. गेटवर अडवलं तर वेळ लिहून ठेवा, आणि तिथूनच शाळेच्या ईमेलवर कळवा की मी हजर झाले होते.