विज्ञान शंका-समाधान: विजेवर उडणारा गोळा

प्रश्न : सर, रेलगनमध्ये दारू न वापरता नुसत्या विजेवर गोळा उडतो म्हणतात. हे खरं आहे का? मग अमेरिकेने ती का सोडली? (अकरावीचा विद्यार्थी, गेवराई)

उत्तर : खरं आहे. समोरासमोर दोन रूळ आणि मध्ये सरकणारा धातूचा तुकडा. वीज एका रुळातून येते, तुकड्यातून पलीकडे जाते आणि दुसऱ्या रुळाने परत फिरते. त्यातून तयार होणारं चुंबकीय क्षेत्र तुकड्याला पुढे ढकलतं आणि तुकडा गोळ्याला. पुस्तकातलं लॉरेंट्झ बल ते हेच. तेच बल रुळांनाही एकमेकांपासून दूर रेटतं, हे मात्र बरेच जण विसरतात.

आता वहीवर गणित मांड. १० किलोचा गोळा सेकंदाला अडीच किलोमीटर वेगाने सोडायचा तर ३१ मेगाज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे साडेआठ युनिट वीज. शेतातली ५ एचपीची मोटर दोन तास चालली की तेवढी जातेच. अडचण आहे ती वेळेची. रूळ १० मीटरचे धरले तर गोळा ८ मिलिसेकंदांत बाहेर पडतो. तेवढ्या क्षणापुरती ताकद लागते जवळपास ४ हजार मेगावॉट, परळीच्या वीज केंद्रातल्या २५० मेगावॉटसारखे पंधरा-सोळा संच एकदम! म्हणून कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एकदम सोडणारे भाग, आधी भरून ठेवावे लागतात. प्रत्यक्षात बरीच ऊर्जा उष्णतेत वाया जाते, ती वेगळीच.

खरा घात होतो रुळांचा. वायरमन मोटरचा स्टार्टर उघडेल तेव्हा आतले पॉइंट नीट बघ. काळे पडलेले, खड्डे पडलेले. ही काही अँपिअरच्या ठिणग्यांची करामत. रेलगनमध्ये लाखो अँपिअर, तेही घासत जाणाऱ्या जोडातून. अमेरिकी नौदलाने डिसेंबर २०१० मध्ये व्हर्जिनियातल्या डालग्रेनला ३३ मेगाज्यूलचा बार काढला, पण रूळ बसवलेली नळी टिकवणं जड गेलं आणि २०२१ मध्ये काम थांबवलं. जपानने मात्र २०२३ मध्ये जहाजावरून रेलगन डागून दाखवली. त्यामुळे हा विषय संपला असं मी मानत नाही.

विजेवरच्या शस्त्रांत आपल्याकडे आज लेझर जास्त जवळचं वाटतं. एप्रिल २०२५ मध्ये डीआरडीओने कर्नूलला ३० किलोवॉटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवलं. धूळ आणि धुकं हे लेझरचे वैरी.

तुला करून बघायचंच असेल तर अॅल्युमिनियम फॉइलच्या दोन पट्ट्या, त्यांवर आडवी तांब्याची काडी, खाली जुन्या स्पीकरचं चुंबक आणि टॉर्चचा सेल घे. काडी घरंगळेल. सेल क्षणभरच जोड, नाहीतर तापतो. मोठ्या कपॅसिटरला मात्र हात लावू नकोस बाळा, वीज बंद केल्यावरही तो जीव घेऊ शकतो.