नाशिकहून सोडलेला फुगा पृथ्वीला फेरी मारून परत येईल का? त्यावरून मान्सूनच्या वाऱ्यांबद्दल काही कळेल का?

फेरी मारू शकतो. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, '१२ किलोमीटरवर न्यायचाय म्हणून गॅस भरपूर भरणार आहोत'. ते आधी निकालात काढू. याच मुद्द्यावर नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सरांशी माझं वाजलं होतं आणि ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

सरांचं गणित सरळ होतं: गॅस जास्त, तर उचल जास्त, तर उंची जास्त. हवामान खात्याचा रबरी फुगा डोळ्यांसमोर असला की असं वाटतं खरं. पण रबर ताणत जातं आणि तीसेक किलोमीटरवर फुटतं. तिथेही गॅस जास्त भरला तर फुगा वेगाने चढतो आणि उलट खालीच फुटतो. दिवसेंदिवस तरंगणारा फुगा न ताणणाऱ्या प्लास्टिकचा असतो. तो एकदा टम्म झाला की आकारमान ठरलं. त्यानंतर उंची ठरवणाऱ्या गोष्टी दोनच, आकारमान आणि एकूण वजन.

हिशोब मांडून बघा. २०० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) दाबाला, म्हणजे साधारण १२ किलोमीटरवर, हवेची घनता ०.३२ किलो प्रति घनमीटर असते. १०० लिटरचा फुगा तिथे ३२ ग्रॅम हवा बाजूला सारतो. म्हणून प्लास्टिक, ट्रॅकर (फुग्याचं स्थान रेडिओवरून कळवणारा छोटा ट्रान्समीटर), सोलर सेल, अँटेनाची तार आणि आतला हायड्रोजन हे सगळं मिळून ३२ ग्रॅम भरायला हवं. जमिनीवर त्याच्यावर ५ ग्रॅम फ्री लिफ्ट, म्हणजे एकूण वजन पेलून उरणारी जादा उचल, ठेवायची. वर गेल्यावर या ५ ग्रॅमचा दाब होतो: ५ भागिले ३२ म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास, आणि २०० चे १५ टक्के म्हणजे ३० हेक्टोपास्कल. फुगा बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब धरून बसतो.

सरांनी मुलांना ५ च्या जागी १० ग्रॅम फ्री लिफ्ट ठेवायला लावली. दाब गेला ६० च्या वर. त्यात उन्हाने आतला गॅस भोवतालच्या हवेपेक्षा २० अंशांनी तापला, तर आतला एकूण दाब आणखी ९ टक्के वाढतो. फुगा ठरल्या उंचीपाशी पोचला, थोडा वेळ टिकला आणि शिवणीत उसवून खाली आला. सरांचा निष्कर्ष: प्लास्टिक निकृष्ट. वास्तविक जादा हायड्रोजनचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आत असलं तरी वजनच ते. त्याने तरंगण्याची उंची ऐंशीएक मीटरने घटते, वाढत नाही. त्याच फुग्यात हायड्रोजनऐवजी हीलियम भरलात तर गॅसचंच वजन अडीच ग्रॅमने वाढेल आणि फुगा सहाएकशे मीटर खाली तरंगेल.

कंजुषीही नको. रात्री गॅस भोवतालच्या हवेपेक्षा १० अंशांनी थंड झाला तर दाब साडेचार टक्के उतरतो. फ्री लिफ्ट एकच ग्रॅम असेल तर फुगा सैल पडतो, आकारमान घटतं आणि पहाटेपर्यंत तो ढगात. तिथे बर्फ बसला की संपलं. १९६६ पासून न्यूझीलंडहून सोडलेल्या 'घोस्ट' या संशोधन प्रकल्पाच्या फुग्यांचंही हेच दिसलं: ५०० हेक्टोपास्कलच्या पातळीवरचे, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटरवरचे, फुगे बर्फामुळे लवकर संपायचे, २०० च्या पातळीवरचे महिनोन्‌महिने फिरायचे.

गळती तपासायला गवंडी लेव्हल काढतात ती पारदर्शक नळी पुरे. यू आकारात वाकवून पाणी भरा, एक टोक फुग्याच्या तोंडाला जोडा आणि दोन्ही बाजूंच्या पातळीत ३० सेंटिमीटर फरक येईपर्यंत साधी हवा भरा. तोच ३० हेक्टोपास्कल. रात्रभर ठेवा, पण सकाळी पातळी उतरलेली पाहून फुगा फेकून देऊ नका. खोली एक अंश थंड झाली की पाणी ३ सेंटिमीटर उतरतं, आणि नाशिकच्या हिवाळ्यात संध्याकाळ ते पहाट केवढा फरक पडतो ते तुम्हाला माहीत आहे. दोन्ही मोजमापं एकाच तापमानाला घ्या. या ताणात फुगा किंचित वाढतो, म्हणून आकारमान त्यानंतरच मोजायचं. माझे १०० लिटर डोळे झाकून धरू नका.

आता तुमचा प्रश्न. हिवाळ्यात या उंचीवर पश्चिमेचे वारे असतात. सेकंदाला ३० मीटर वेग धरला तर २० अक्षांशावरची फेरी पंधराएक दिवसांची. पण फुगा अक्षांश धरून चालत नाही, उत्तर-दक्षिण भरपूर भटकतो. नेमका नाशिकवरून परत गेला तर तो योगायोग.

मान्सूनचं मात्र विसरा. केरळ-कोकणावर बाष्प आणणारा सोमाली जेट (जेट म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा) दीडएक किलोमीटरवर वाहतो आणि पूर्वेकडून येणाऱ्या जेटचा गाभा १४ ते १६ किलोमीटरवर असतो. तुमचा फुगा दोन्हींच्या मधे. शिवाय सेकंदाला मीटरभर वेगाने चढणारा फुगा पावसाळी ढगांतून तीन तास सुखरूप जाईल ही आशा नको. खालच्या थरातले वारे मोजायला १९९९ मध्ये हिंदी महासागरावरच्या हवेचा अभ्यास करणाऱ्या इंडोएक्स मोहिमेत गोव्याहून स्थिर आकारमानाचे फुगे सोडले होते, तेही जानेवारी ते मार्चच्या कोरड्या काळात.

आणि एका फुग्यावरून अभिसरण, म्हणजे वाऱ्यांचं एकूण फिरणं, कळत नाही, एक रेघ कळते. १९७१ मध्ये 'एओल' या फ्रेंच प्रकल्पात अर्जेंटिनाहून ४८० फुगे सोडले. जवळजवळ असलेले दोन फुगे किती वेगाने लांब जातात, यातून वाऱ्यांची घुसळण मोजता आली. तुम्ही निदान चार-पाच सारख्या वजनाचे फुगे थोड्या-थोड्या अंतराने सोडा. व्हिस्पर (क्षीण संदेशांची हौशी रेडिओ पद्धत) वापरणाऱ्या ट्रॅकरचं सहा अक्षरी स्थान ५ ते ९ किलोमीटरच्या चौकटीचं असतं, त्यामुळे दहा मिनिटांच्या अंतरावरून वेग काढू नका, तासाभराचं अंतर घ्या. रात्री ऊन नाही म्हणून ट्रॅकर बंद, तो तुकडा कोराच राहणार.

राहिलंच: ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी भाग जवळ आहे, हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय काही सोडू नका. ट्रान्समीटरसाठी हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स लागतं. हायड्रोजन उघड्यावरच भरा, आसपास ठिणगी नको, नायलॉनचे कपडे नकोत.

सर हे वाचत असतील तर माझा प्रस्ताव कायम आहे. सारखे दोन फुगे, एकच सकाळ, एकावर ५ ग्रॅम, दुसऱ्यावर १०. उंचीचे आकडे मुलांनाच वाचू द्या.