नुसते मोठे डोळे म्हणजे अ‍ॅनिमे नव्हे

मोठे डोळे काढले की जपानी धाटणीचं अ‍ॅनिमेशन, म्हणजे अ‍ॅनिमे झालं, हे आधी डोक्यातून काढ. जपानी टीव्ही मालिकेत सेकंदाला 24 फ्रेम (पडद्यावर एकामागून एक दिसणाऱ्या स्थिर प्रतिमा), पण नवी चित्रं बहुधा 8 किंवा 12च; एकच चित्र दोन-तीन फ्रेम टिकतं. म्हणून केसांच्या बटा, सावलीची कड असा तपशील परवडतो. अमेरिकी पूर्ण अ‍ॅनिमेशनमध्ये 12 ते 24 चित्रं लागतात, वर शरीर ताणायचं-दाबायचं असतं. तिथे पात्र गोळा, नळकांडं अशा साध्या घनाकारांतूनच उभं कर.

नवखे हमखास फसतात ते पाऊण चेहऱ्यात, म्हणजे थोडा बाजूला वळलेल्या चेहऱ्यात. पलीकडचा डोळा अलीकडच्याइतकाच रुंद काढतात, मग चेहरा सपाट पडतो. तो डोळा अरुंद कर, उंची जवळपास तीच ठेव. आणि खरेपणासाठी रेषा वाढवत बसू नकोस. पात्राचं वजन कुठल्या पायावर आहे ते आधी दिसू दे.