नोकरी करत बारावीचा इतिहास ऑनलाइन जमेल का?

तुम्ही लिहिलंय की कळव्यात राहता, दिवसभर नोकरी असते, बारावी बाहेरून करायचीय आणि इतिहास घ्यावा की नको कळत नाहीये. घ्या, बिनधास्त घ्या. मी पण ठाण्यात काम करतच एनआयओएसमधून (घरून अभ्यास करून परीक्षा देता येते ते राष्ट्रीय मुक्त विद्यालय) बारावी केली, इतिहास घेऊन, आणि क्लास कुठलाच लावला नव्हता.

एनआयओएसला पाच विषय लागतात, त्यात एक तरी भाषा, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि अ‍ॅडमिशन पाच वर्षं चालतं, त्यामुळे एखादा विषय मागे राहिला तरी टेन्शन नाही. स्टेट बोर्डातून द्यायची तर बाहेरून बसणाऱ्यांसाठीचा १७ नंबरचा फॉर्म. सिलॅबस दोन्हीकडे वेगळा आहे, तो आधी बघून घ्या. ई-बालभारतीवर स्टेट बोर्डाचं बारावीचं इतिहासाचं पुस्तक पीडीएफमध्ये फुकट मिळतं.

आता मुद्द्याचं. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि लिहायला बसलं की दोन ओळींत गाडी थांबते. पेपर शेवटी हातानेच लिहायचाय, म्हणून प्रत्येक धड्यानंतर मोबाईल बाजूला ठेवून "हे का झालं" एवढंच लिहून काढायचं, तारखांसकट.

आपल्या ठाण्याचंच घ्या ना. ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, आता तिथे सेंट्रल जेल आहे, कळवा पुलावरून कोर्टनाक्याकडे येताना तुम्ही रोज त्याच्या जवळूनच जात असाल. पुढची गोष्ट अशी सांगतात की राघोबादादांनी सुरतेच्या तहात साष्टी (आपलं ठाणे ज्यात येतं ते बेट) आणि वसई इंग्रजांना देऊ केली. ते खरंच आहे, पण तारखा शेजारी शेजारी लिहा. सुरतेचा तह मार्च १७७५ चा आणि इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला डिसेंबर १७७४ मध्ये, म्हणजे तह व्हायच्या आधीच! का, तर मुंबईला लागून असलेली साष्टी त्यांना कधीची हवी होती, पोर्तुगीज ती परत घेतील ही धास्ती होती, आणि १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यापासून पुण्यात गादीवरून भांडण पेटलेलं होतं, एवढी चांगली संधी ते सोडतील कशाला. नंतर १७८२ च्या सालबाईच्या तहातही साष्टी त्यांच्याकडेच राहिली. बघा, झालं की तुमचं मोठ्या मार्कांचं उत्तर, आणि पाठ काहीच करावं लागलं नाही.

वाचायला अजून हवं असेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं, तिथे मेंबर व्हा.

आणि एनआयओएस घेतलंत तर टीएमए म्हणजे असाइनमेंट द्याव्या लागतात, त्यांची तयार उत्तरं विकत मिळतात, ती अजिबात घेऊ नका, सगळी स्वतः लिहा. कॉलेज नसताना आपलं लिहिलेलं दुसऱ्या कोणीतरी तपासायची तेवढीच एक जागा असते.