बुबुळे पाहून शरीरातील आजार ओळखता येतात का?

बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे आयरिस, पाहून मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार सांगता येतो, या इरिडॉलॉजीच्या दाव्याला चाचण्यांत आधार मिळालेला नाही. १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४३ जणांच्या डोळ्यांची छायाचित्रे तपासून कोणाला मूत्रपिंडविकार आहे हे ओळखायचे होते, आणि ते तीन इरिडॉलॉजिस्टांपैकी एकालाही विश्वासार्हपणे जमले नाही. शिवाय आयरिसची नक्षी प्रौढपणी जवळजवळ बदलत नाही (म्हणूनच आधार कार्डासाठी तिची नोंद घेतात), मग तीत आज जडलेला आजार उमटणार कसा?

डोळ्यांत आजारांच्या खुणा दिसतात हे मात्र खरे आहे. फक्त त्या बहुधा अन्य भागांत असतात. काविळीत पांढरा भाग पिवळा पडतो, विल्सनच्या आजारात तांबे साचून डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे पारपटलाच्या, कडेला तपकिरी वलय उमटते, आणि मधुमेहाने डोळ्याच्या मागच्या पडद्यावरील, म्हणजे दृष्टिपटलावरील, रक्तवाहिन्यांना झालेली इजा नजर शाबूत असतानाही नेत्रतज्ज्ञांना दिसू शकते. इरिडॉलॉजिस्टाच्या ‘सर्व ठीक आहे’ या शब्दावर विसंबून मधुमेही व्यक्तीने नेत्रतज्ज्ञांकडची तपासणी टाळली, तर वाचवता आली असती ती दृष्टी जाऊ शकते, याची मला खरी काळजी वाटते. मधुमेह असल्यास दृष्टिपटल दरवर्षी तपासून घ्यावे.